वेंडेल स्कॉट यांची कारकीर्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंडेल स्कॉट म्हणजे नेमके कोण?

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यातल्या डॅनव्हिल गावचे ड्रायव्हर आणि मेकॅनिक. जन्म २९ ऑगस्ट १९२१, मृत्यू २३ डिसेंबर १९९०. १९६१ ते १९७३ या काळात ते नॅस्कार या अमेरिकी मोटर शर्यतींच्या संस्थेच्या सर्वोच्च मालिकेत ४९५ शर्यती धावले आणि १ डिसेंबर १९६३ रोजी त्यातली एक जिंकले. या मालिकेत शर्यत जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर. दुसरा विजेता यायला २०२१ उजाडलं.

मराठीत मोटर रेसिंगबद्दल लिहिलं जातं ते बहुतेक फॉर्म्युला वनबद्दल. नॅस्कारचा उल्लेख झालाच तर 'गोल गोल फिरणाऱ्या गाड्या' एवढ्यावर भागवलं जातं. स्कॉट यांची गोष्ट त्यात हरवते. ती नीट कळावी, तीही आकड्यांसकट, म्हणून इथे जरा सविस्तर उत्तरं दिली आहेत.

स्टॉक कार शर्यत आणि नॅस्कार म्हणजे काय?

शोरूममध्ये मिळते तशी गाडी घ्यायची, तिच्यात मर्यादित फेरफार करायचे आणि शर्यतीत उतरवायची, ही मूळ कल्पना. शोरूममध्ये 'स्टॉक'मध्ये असलेली गाडी, म्हणून स्टॉक कार. आजच्या नॅस्कार गाड्यांचा आणि शोरूमचा संबंध बाहेरच्या आकारापुरताच उरला आहे. स्कॉट यांच्या काळात मात्र तो बराच खरा होता. शेवरले, फोर्ड, प्लिमथ अशा रस्त्यावरच्या गाड्याच मजबुतीकरण करून पळवल्या जात.

शर्यतींचे आयोजक बिल फ्रान्स यांनी डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात ड्रायव्हर, मेकॅनिक आणि आयोजकांची बैठक बोलावली. त्यातून फेब्रुवारी १९४८ मध्ये नॅस्कार ही संस्था नोंदली गेली. तिच्या सर्वोच्च मालिकेला १९५० ते १९७० पर्यंत 'ग्रँड नॅशनल' म्हणत. पुढे प्रायोजकांप्रमाणे नाव बदलत गेलं आणि आज तिला 'कप सिरीज' म्हणतात. खाली 'सर्वोच्च मालिका' म्हटलं आहे ती हीच.

शर्यतीत येण्याआधी ते काय करत होते?

वडील दोन श्रीमंत गोऱ्या कुटुंबांकडे ड्रायव्हर आणि मेकॅनिक होते. इंजिन उघडायची आणि बसवायची विद्या घरातूनच आली. डॅनव्हिलमध्ये कृष्णवर्णीय माणसाला कापडगिरणी किंवा तंबाखूचा कारखाना एवढेच मोठे रोजगार होते. स्कॉट यांना ते कैदेसारखे वाटत. कुणाच्या हाताखाली राबायचं नाही हे त्यांनी तरुणपणीच ठरवलं होतं. काही काळ टॅक्सी चालवली. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन युरोपात गाड्यांची दुरुस्ती केली. तेव्हा अमेरिकी सैन्यातही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तुकड्या वेगळ्या असत. परत आल्यावर स्वतःचं गॅरेज टाकलं.

आणि रात्री हातभट्टीची दारू वाहिली. हे लपवायचं कारण नाही, ते स्वतःही लपवत नसत. अमेरिकेच्या दक्षिणेत त्या काळातले कितीतरी नामवंत ड्रायव्हर याच धंद्यातून तयार झाले. ज्युनिअर जॉन्सन हे त्यांतलं सर्वांत गाजलेलं नाव. दारू वाहणारी गाडी बाहेरून साधी दिसली पाहिजे, मागे वजन असूनही बसता कामा नये, आणि पोलीस मागे लागले तर अंधाऱ्या वळणदार रस्त्यावर त्यांना मागे टाकता आलं पाहिजे. यासाठी इंजिन, स्प्रिंगा, गिअर यांवर जे काम करावं लागतं, तेच स्टॉक कारवर करावं लागतं. स्कॉट एकदाच पकडले गेले, १९४९ मध्ये. तीन वर्षं चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर त्यांना सोडण्यात आलं. दारू वाहणं त्यानंतरही चालूच राहिलं.

शर्यतीत त्यांना कोणी आणलं?

पोलिसांनी. हे खरंच तसं घडलं. १९५२ मध्ये डॅनव्हिलच्या शर्यतींना गर्दी कमी होऊ लागली होती. एखादा काळा ड्रायव्हर उतरवला तर लोक बघायला येतील, असा हिशेब आयोजकांनी केला. गावात सर्वांत जोरात गाडी चालवणारा काळा माणूस कोण, हे विचारायला ते पोलिसांकडे गेले. ज्याचा पाठलाग करून ते थकले होते, त्याचंच नाव पोलिसांनी सांगितलं.

२३ मे १९५२ रोजी डॅनव्हिलच्या जत्रेच्या मैदानावरच्या ट्रॅकवर स्कॉट यांनी पहिली शर्यत केली. प्रेक्षकांतून हुर्यो झाली, थोड्या टाळ्याही पडल्या. गर्दी खेचण्यासाठी म्हणून त्यांना बोलावलं होतं. पण ते ड्रायव्हर म्हणूनच आले आणि ड्रायव्हर म्हणूनच पुढची एकवीस वर्षं टिकले.

नॅस्कारने त्यांना आधी नाकारलं होतं, हे खरं का?

हो. पहिल्या शर्यतीनंतर लगेच ते गाडी ओढत नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला नॅस्कारच्या शर्यतीसाठी गेले. तिथे अधिकाऱ्यांनी काळ्या ड्रायव्हरला परवानगी नाही म्हणून परत पाठवलं. घरी येताना डोळ्यांत पाणी होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. काही दिवसांनी हाय पॉइंटला तेच. वर सल्लाही मिळाला की गाडी एखाद्या गोऱ्या पोराला चालवायला दे. त्यांनी तो धुडकावला. गाडी त्यांनी स्वतःच्या हातांनी उभी केली होती, दुसऱ्याने चालवायचा प्रश्नच नव्हता.

मग ते नॅस्कारशी संबंध नसलेल्या, त्याच भागात भरणाऱ्या छोट्या शर्यतींकडे वळले. पहिल्या शर्यतीनंतर दोन आठवड्यांच्या आत लिंचबर्गला त्यांनी पहिला विजय मिळवला.

मग परवाना कसा मिळाला?

त्यांनी हेडक्वार्टर्सला अर्ज-विनंत्या करत बसण्याऐवजी थेट रिचमंडच्या ट्रॅकवर जाऊन तिथल्या नॅस्कार अधिकाऱ्याकडे परवाना मागितला. हा अधिकारी म्हणजे माइक पोस्टन. काळा ड्रायव्हर आजवर आलेला नाही, तुला धक्के देतील, गाडीला ठोकरतील, तयारी आहे का, असं पोस्टन यांनी विचारलं. स्कॉट हो म्हणाले आणि परवाना हातात पडला. पोस्टन यांचा हा निर्णय वरिष्ठांना फारसा रुचला नव्हता. त्या परवान्यासाठी एका मधल्या फळीतल्या माणसाने स्वतःच्या अधिकारात सही केली, हे मला फार मोलाचं वाटतं. सगळी यंत्रणा एका दिशेला तोंड करून उभी असताना, टेबलामागचा एक माणूस किती करू शकतो, ते इथे दिसतं.

१९५४ च्या सुमाराचा आणखी एक प्रसंग नोंदलेला आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरातल्या शर्यतीत गोऱ्या ड्रायव्हरांना प्रवासखर्च दिला गेला आणि स्कॉट यांना नाकारला. त्यांनी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्यांच्या दुरुस्तीच्या जागेत, खुद्द बिल फ्रान्स यांना गाठलं. फ्रान्स यांनी खिशातून पैसे काढून दिले आणि नॅस्कारचा सदस्य म्हणून इथून पुढे तुला सदस्यासारखंच वागवलं जाईल, असा शब्द दिला. तो शब्द किती पाळला गेला, हे जॅक्सनव्हिलच्या उत्तरात येईलच.

नॅस्कारच्या सर्वोच्च मालिकेत उतरणारे ते पहिलेच कृष्णवर्णीय होते का?

नाही, इथे बऱ्याच लेखांत चूक होते. त्यांच्याआधी एलायस बोवी १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात एक शर्यत धावले होते आणि चार्ली स्कॉट १९५६ मध्ये डेटोनाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या ट्रॅकवर एक. चार्ली आणि वेंडेल यांचं आडनाव एकच, नातं नाही. पूर्ण वेळ, हंगामामागून हंगाम धावलेले आणि जिंकलेले पहिले कृष्णवर्णीय ड्रायव्हर मात्र वेंडेल स्कॉटच.

सर्वोच्च मालिकेत ते केव्हा आले?

१९५९ मध्ये त्यांनी 'स्पोर्ट्समन' या खालच्या श्रेणीतलं व्हर्जिनियाचं राज्य पातळीवरचं विजेतेपद आणि रिचमंडच्या साउथसाइड स्पीडवेचं विजेतेपद अशी दोन्ही जिंकली. म्हणजे वर जायची पात्रता कधीच सिद्ध झाली होती. प्रश्न पैशाचा होता. मार्च १९६१ मध्ये स्पार्टनबर्गला त्यांनी ग्रँड नॅशनलमध्ये पदार्पण केलं. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते. या वयात पुष्कळ ड्रायव्हर थांबायचा विचार करू लागतात. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सव्हानाला पात्रता फेरीत ते सर्वांत वेगवान ठरले. कारकिर्दीतली ती त्यांची एकमेव पोल पोझिशन, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करायचा मान.

त्यांची टीम कोण होती?

घरचीच माणसं. मुलगे वेंडेल ज्युनिअर आणि फ्रँक पिटमध्ये काम करायचे, पत्नी मेरी सगळ्या धबडग्यात सोबत असायच्या. सात मुलांचं कुटुंब होतं. गाडीचा क्रमांक ३४. मेकॅनिक, मालक, ड्रायव्हर आणि गाडी ओढून नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हरही स्कॉट स्वतःच.

दक्षिणेतल्या बऱ्याच हॉटेलांत, खानावळीत, इतकंच काय पेट्रोल पंपावरच्या स्वच्छतागृहांतही काळ्यांना मज्जाव होता. म्हणून घरून डबे बांधून न्यायचे, झोप गाडीतच काढायची. रात्रभर प्रवास, सकाळी गाडी तपासणीला लावायची, दुपारी शर्यत, आणि मिळालेल्या पैशात परतीचं पेट्रोल.

१ डिसेंबर १९६३ ला जॅक्सनव्हिलमध्ये काय घडलं?

आधी काळ लक्षात घ्या. त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉट यांच्या डॅनव्हिलमध्ये समान हक्कांसाठी निदर्शनं करणाऱ्यांवर पोलिसांनी लाठ्या आणि पाण्याचे जोरदार फवारे चालवले होते. अध्यक्ष केनेडींची हत्या होऊन नऊ दिवस झाले होते. वंशभेदाला कायद्याने बंदी घालणारा नागरी हक्क कायदा यायला अजून सात महिने होते. अशा दिवसांत फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलच्या स्पीडवे पार्कवर ही शर्यत झाली. कॅलेंडरने १९६३ असलं तरी नॅस्कारच्या हिशेबात ती १९६४ च्या हंगामात मोडते, म्हणून काही तक्त्यांत साल वेगळं दिसतं.

ट्रॅक अर्ध्या मैलाचा, मातीचा. दोनशे फेऱ्या, म्हणजे शंभर मैल. मातीच्या ट्रॅकवर शर्यत जशी पुढे जाते तशी जमीन उखडते, चाकोऱ्या पडतात, आणि त्या चाकोऱ्यांत चाक आदळून स्टिअरिंग आणि सस्पेन्शनची वाट लागते. स्कॉट यांच्याकडे होती नेड जॅरेट यांच्याकडून विकत घेतलेली सेकंडहँड शेवरले बेल एअर. त्यातच १९६३ च्या सुरुवातीला शेवरलेच्या मूळ कंपनीने शर्यतींतून अंग काढून घेतलं होतं. त्यामुळे कारखान्याची मदत नाही, नवे भाग नाहीत. जे आहे ते जपून वापरायचं.

आघाडीवर रिचर्ड पेटी होते. शेवटच्या पंचवीस फेऱ्या उरल्या असताना पेटींची गाडी रखडू लागली आणि स्कॉट त्यांना मागे टाकून पुढे गेले. दोनशे फेऱ्या पूर्ण झाल्या. स्कॉट समोरून गेले तरी शर्यत संपल्याची खूण असलेला चौकडीचा झेंडा पडला नाही. ते फिरत राहिले. झेंडा पडला तो बक बेकर या दुसऱ्या ड्रायव्हरसाठी. बेकर विजेत्याच्या जागी गेले, ट्रॉफी घेतली, फोटो झाले.

स्कॉट यांनी तक्रार केली. मग फेऱ्यांचे तक्ते तपासायला घेतले. तेव्हा आजच्यासारखे गाडीत बसवलेले, फेऱ्या आपोआप नोंदवणारे ट्रान्सपॉन्डर नव्हते. प्रत्येक गाडीसाठी एक माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसायचा, गाडी समोरून गेली की घड्याळ बघून वेळ लिहायचा. नंतर सगळे कागद एकत्र करून ताळा घालायचा. अशा पद्धतीत चूक होऊ शकते आणि त्या काळात होतही असे. पण इथे स्कॉट बेकर यांच्या तब्बल दोन फेऱ्या पुढे होते. काही तासांनी, प्रेक्षक घरी गेल्यावर, अधिकाऱ्यांनी मोजणीत चूक झाल्याचं मान्य केलं आणि विजेता म्हणून स्कॉट यांचं नाव लिहिलं. बक्षिसाचे पैसे दिले. ट्रॉफी बेकर यांच्यासोबत गेली होती.

ती खरोखर मोजणीची चूक होती का?

स्कॉट आणि त्यांच्या कुटुंबाने ते कधीच मानलं नाही. विजेत्याला ट्रॉफी देताना गोऱ्या सुंदरीने गालावर ओठ टेकायची प्रथा होती. फ्लोरिडातल्या गोऱ्या प्रेक्षकांसमोर ते दृश्य नको होतं, म्हणून मैदान रिकामं होईपर्यंत वेळ काढला, असं स्कॉट सांगत. कागदोपत्री कोणी हेतू लिहून ठेवत नसतो. माझं मत विचाराल तर, शेवटच्या पंचवीस फेऱ्या आघाडीवर असलेला एकमेव काळा ड्रायव्हर अधिकाऱ्यांच्या नजरेतून सुटला, यावर विश्वास ठेवणं जड जातं.

ट्रॉफी पुढे कधी मिळाली?

नंतर त्यांना लाकडाची एक साधी वस्तू देण्यात आली, तिच्यावर नावसुद्धा कोरलेलं नव्हतं, असं कुटुंबीय सांगतात. २०१० मध्ये जॅक्सनव्हिलच्या स्थानिक रेसिंगप्रेमींनी कुटुंबाला ट्रॉफीची प्रतिकृती दिली. खुद्द नॅस्कारने विजेत्याची ट्रॉफी कुटुंबाच्या हाती ठेवली ती २८ ऑगस्ट २०२१ रोजी, डेटोनाच्या ट्रॅकवर. स्कॉट यांच्या शंभराव्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी. मधे सत्तावन्न वर्षं गेली होती आणि ज्यांची ट्रॉफी होती ते जाऊनही तीस वर्षं झाली होती.

४९५ शर्यतींत एकच विजय. मग त्यांना एवढं मोठं का म्हणायचं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. बऱ्याचदा त्यामागे 'तो काळा होता म्हणून कौतुक' असाही सूर असतो. त्याला आकड्यांनीच उत्तर देता येतं, फक्त विजयाच्या रकान्यावरून नजर उचलून शेजारचा रकाना वाचला पाहिजे.

स्कॉट १४७ शर्यतींत पहिल्या दहांत आले. म्हणजे दर दहा शर्यतींपैकी जवळपास तीनमध्ये. वीस वेळा पहिल्या पाचांत. १९६६ च्या हंगामात गुणतक्त्यात सहावे, आणि १९६६ ते १९६९ अशी सलग चार वर्षं पहिल्या दहांत.

आता हे कशाच्या जोरावर केलं ते बघा. समोर पेटींचं कुटुंब, ज्यांच्या पाठीशी क्रायस्लर. वुड बंधू, ज्यांच्या पाठीशी फोर्ड. या टीमला नवी इंजिनं कारखान्यातून येत, टायर मागाल तितके, पिटमध्ये सराव केलेली माणसं. स्कॉट यांच्याकडे दुसऱ्यांनी टाकलेल्या किंवा विकलेल्या गाड्या, वापरलेले टायर आणि एकच इंजिन, जे या आठवड्यात फुटलं तर पुढच्या आठवड्यात शर्यत नाही. सर्वोच्च मालिकेच्या पूर्ण कारकिर्दीत त्यांना मोठा, कायमचा प्रायोजक मिळाला नाही.

अशा ड्रायव्हरला शर्यत वेगळ्या पद्धतीने चालवावी लागते. पेटी यांनी इंजिनाचा कस लावला आणि ते फुटलं, तर दुसरं तयार होतं. स्कॉट यांना पायाखालचा वेग दिसत असूनही पाय आवरावा लागे, कारण शर्यत पूर्ण केली तर बक्षीस, बक्षीस मिळालं तर टायर, टायर आले तर पुढची शर्यत. आपल्याकडे कोरडवाहू शेतकरी पुढच्या पेरणीचं बियाणं बाजूला काढूनच खायला घेतो, तसा त्यांचा प्रत्येक रविवार होता. तोलूनमापून चालवत शेवटपर्यंत पोचायचं आणि तरीही १४७ वेळा पहिल्या दहांत यायचं, यासाठी गाडीचा प्रत्येक आवाज ओळखणारा कान लागतो. तो त्यांना होता, कारण आतला प्रत्येक बोल्ट त्यांनीच आवळलेला असे.

त्यात हंगाम लांब. १९६४ च्या हंगामात ६२ शर्यती होत्या. आज छत्तीस असतात. तेव्हा मंगळवारी एका गावी, शुक्रवारी दुसऱ्या राज्यात, रविवारी तिसरीकडे, आणि मधल्या रात्री गॅरेजमध्ये. स्कॉट यांनी तेरा हंगाम हे केलं, सरासरी वर्षाला अडतीस शर्यती. मोठ्या टीमची गाडी मिळाली असती तर त्यांनी किती शर्यती जिंकल्या असत्या, याचं उत्तर देता येणार नाही. पण तशी गाडी ते चालवू शकले असते की नाही, याबद्दल १९६६ चा गुणतक्ता वाचणाऱ्याला शंका राहू नये.

बाकीचे ड्रायव्हर त्यांच्याशी कसे वागत?

सगळे एका माळेचे मणी नव्हते. काही जण मुद्दाम धडक देत. सुरुवातीच्या काळात तर हे नित्याचंच होतं. त्यांना उलट धडक देणं स्कॉट यांना परवडत नसे. भांडण झालं तर प्रेक्षक आणि अधिकारी कोणाच्या बाजूने उभे राहतील हे माहीत होतं, शिवाय गाडी मोडली तर दुरुस्तीचा खर्च स्वतःच्याच खिशातून.

दुसरीकडे मदत करणारेही होते. दोनदा विजेतेपद मिळवलेले नेड जॅरेट यांच्याशी मैत्री होती. जॅक्सनव्हिलची गाडी त्यांच्याकडूनच आली. अर्ल ब्रुक्स हे गोरे ड्रायव्हर त्यांचे जवळचे मित्र होते. गॅरेजमध्ये सुटे भाग, हत्यारं, कधी टायर अशी देवाणघेवाण चाले. गाडीखाली झोपून काम करणाऱ्या माणसाला दुसऱ्या मेकॅनिकचा हात पटकन कळतो, आणि स्कॉट यांच्या हाताबद्दल गॅरेजमध्ये आदर होता.

डार्लिंग्टनचा वाद काय होता?

साउथ कॅरोलायनातला डार्लिंग्टन ट्रॅक आणि तिथली 'सदर्न ५००' ही दक्षिणेची मानाची शर्यत. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचे झेंडे तिथे उघड फडकत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या व्यवस्थापनाने स्कॉट यांना दूरच ठेवलं. त्याचा फटका फक्त मानाला बसला असं नाही. मोठ्या शर्यतीला जास्त गुण आणि जास्त पैसे असत, त्यामुळे तिथे दार बंद म्हणजे गुणतक्त्यातही खाली. पुढे ते तिथे धावले. नॅस्कारने आपल्या सर्व ट्रॅकवर त्या झेंड्यावर बंदी घातली ती जून २०२० मध्ये.

कारकीर्द कशी संपली?

मे १९७३, टॅलाडेगा, अलाबामा. अडीच मैलांहून थोडा मोठा, भयंकर वेगाचा ट्रॅक. स्कॉट बावन्न वर्षांचे होत आले होते. आयुष्यात एकदा तरी बरोबरीच्या गाडीने उतरायचं म्हणून त्यांनी कर्ज काढून मर्क्युरी गाडी घेतली होती. शर्यत सुरू होऊन थोड्याच फेऱ्या झाल्या होत्या आणि वीसहून जास्त गाड्या एकमेकांवर आदळल्या. त्यात स्कॉट यांच्या बरगड्या, कमरेचं हाड आणि गुडघे मोडले. गाडीचा चेंदामेंदा झाला, कर्ज तसंच राहिलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शार्लटला ते पुन्हा एकदा गाडीत बसले आणि बाराव्या क्रमांकावर आले. सर्वोच्च मालिकेतली ती त्यांची शेवटची शर्यत. जखमा पुरत्या भरल्या नसताना शार्लटसारख्या ट्रॅकवर बारावं येणं, हे मला जॅक्सनव्हिलच्या विजयाच्या तोडीचं वाटतं. त्याबद्दल फारसं कोणी लिहीत नाही.

निवृत्तीनंतर?

डॅनव्हिलमध्येच गॅरेज चालवलं. १९७७ मध्ये हॉलिवूडने त्यांच्या आयुष्यावर चित्रपट काढला, रिचर्ड प्रायर यांनी त्यांची भूमिका केली. शर्यतींतून फार पैसा गाठीला लागला नव्हता. पाठीच्या कण्याच्या कॅन्सरने १९९० मध्ये ते गेले.

कोणते सन्मान मिळाले?

जिवंतपणी थोडे, नंतर पुष्कळ. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट्स हॉल ऑफ फेम. २०१३ मध्ये डॅनव्हिलमध्ये राज्य सरकारचा इतिहासफलक. ३० जानेवारी २०१५ रोजी शार्लटमधल्या नॅस्कार हॉल ऑफ फेममध्ये समावेश, तिथेही ते पहिले कृष्णवर्णीय. बिल एलियट, फ्रेड लोरेन्झेन, जो वेदरली आणि रेक्स व्हाइट त्याच वर्षीचे. त्यांच्या नावाची संस्था नातू चालवतो. मुलांना, विशेषतः वंचित वस्त्यांतल्या मुलांना, मोटर उद्योगाची आणि तंत्रशिक्षणाची ओळख करून देणं हे तिचं काम.

बबा वॉलेस आणि स्कॉट यांचं नातं काय?

रक्ताचं काही नाही. वॉलेस हा आजच्या पिढीतला नॅस्कार ड्रायव्हर. ऑक्टोबर २०१३ मध्ये मार्टिन्सव्हिलला ट्रक मालिकेतली, म्हणजे पिकअप ट्रकच्या खालच्या पायरीवरच्या मालिकेतली, शर्यत जिंकून वॉलेस हा स्कॉट यांच्यानंतर नॅस्कारच्या राष्ट्रीय मालिकांत जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. पुढच्या वर्षी त्याच ट्रॅकवर त्याने स्कॉट यांच्या सन्मानार्थ गाडीवर ३४ क्रमांक लावला आणि पुन्हा जिंकला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च मालिकेत तो पहिल्यांदा जिंकला, तोही टॅलाडेगाला, जिथे स्कॉट यांची हाडं मोडली होती. त्याची टीम बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डन आणि नॅस्कार ड्रायव्हर डेनी हॅमलिन यांच्या मालकीची. स्कॉट यांना जे कधी मिळालं नाही ते, म्हणजे नवी गाडी, भक्कम पैसा आणि पूर्ण पिट क्रू, वॉलेसकडे आहे. म्हणून दोघांच्या विजयांची संख्या शेजारी ठेवून तुलना करणं चुकीचं आहे.

या दोघांच्या मधल्या काळात विली टी. रिब्स १९८६ मध्ये तीन आणि बिल लेस्टर २००६ मध्ये दोन शर्यती सर्वोच्च मालिकेत धावले. जवळजवळ पन्नास वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

नॅस्कारमध्ये कोणी भारतीय धावला आहे का?

हो, कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन. फॉर्म्युला वननंतर २०१० मध्ये तो नॅस्कारच्या ट्रक मालिकेत उतरला. पहिली शर्यत मार्च महिन्यात मार्टिन्सव्हिलला, आणि तिथे तो तेरावा आला. त्या वर्षी ट्रक मालिकेतला लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी त्यालाच निवडलं. मार्टिन्सव्हिल आणि डॅनव्हिल शेजारची गावं, गाडीने तासाभराच्या आतलं अंतर. ज्या भागात एका काळ्या ड्रायव्हरला फाटकावरून परत पाठवलं जायचं, तिथे भारतातून आलेल्या ड्रायव्हरला चाहत्यांची मतं मिळाली.

३४ क्रमांकाची गाडी अजून धावते का?

धावते. नॅस्कारमध्ये क्रमांक ड्रायव्हरसोबत निवृत्त करायची पद्धत नाही. टीमला तो नॅस्कारकडून दिला जातो आणि पुढे दुसऱ्या टीमकडे जाऊ शकतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये मायकल मॅकडॉवेलने डेटोना ५०० ही नॅस्कारची सर्वांत मानाची शर्यत जिंकली ती ३४ क्रमांकाच्या फोर्डमधूनच, आणि तीही तुलनेने कमी पैशाच्या टीमसाठी.